दोन सर्व्हर आणि एक स्टोरेज बॉक्स: सांगलीत बसवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. हळद आणि मसाल्याचा व्यवसाय. ऑफिस सांगलीत गणपती पेठेत तळमजल्यावर, दळणाचं युनिट आणि गोदाम कुपवाड एमआयडीसीत. ऑफिसात दोन सर्व्हर, त्यांच्यावर मिळून सात व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक): टॅली, बिलिंगचा डेटाबेस, फाइल सर्व्हर, हजेरी, आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगसुद्धा. सर्व्हरमधल्या डिस्क भरत आल्यात. व्हेंडरने चार बेचा (चार डिस्कच्या खणांचा) नॅस बॉक्स, म्हणजे नेटवर्कवरून जागा देणारा स्टोरेज बॉक्स, ८ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (डिस्क एकत्र बांधायची पद्धत, एक गेली तरी डेटा वाचतो), असं कोटेशन दिलंय. घ्यावा का, बसवताना काय बघायचं आणि पुढे सांभाळायला काय लागतं?

घ्या, पण कोटेशन आहे तसं घेऊ नका. आणि ऑर्डर द्यायच्या आधी दोन गोष्टी त्या यादीतून बाहेर काढा.

पहिली म्हणजे कॅमेरे. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चोवीस तास लिहीत राहतं, जागा खातं आणि जुनं झालं की कोणी बघत नाही. त्याला वेगळा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) आणि त्यात पाळत-कामासाठीच्या डिस्क बसवा. एवढं केलं तरी जागेचा प्रश्न बराचसा हलका होईल. दुसरी म्हणजे डेटाबेस. बिलिंगचा डेटाबेस आकाराने लहान असतो पण तो सारखा इकडचं-तिकडचं वाचतो आणि लिहितो. ७२०० आरपीएमची एक फिरती डिस्क असल्या विखुरलेल्या कामात सेकंदाला साधारण शंभरेक ऑपरेशन देते. चार डिस्क म्हणजे चारशे झाल्या असं वाटतं, पण रेड ५ मध्ये एका लहान लिखाणासाठी डिस्कवर चार कामं होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेला हिशेब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. म्हणजे लिहिण्याच्या बाबतीत चार डिस्क मिळून पुन्हा एकाच डिस्कच्या वेगाला आल्या. रेड ६ मध्ये (दुहेरी पॅरिटी) चाराच्या जागी सहा कामं, रेड १० मध्ये (प्रत्येक डिस्कची जुळी प्रत) दोनच. नवा बॉक्स आणला आणि टॅली आधीपेक्षा मंद झाली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हे असतं. प्रोसेसर आणि रॅम वाढवून ते जात नाही.

म्हणून माझा सल्ला: चार बेऐवजी सहा किंवा आठ बेचा बॉक्स घ्या. त्यात दोन एसएसडी मिररमध्ये (दोन्हींवर तीच प्रत), डेटाबेस आणि टॅलीच्या मशीनसाठी. चार फिरत्या डिस्क रेड ६ मध्ये, फाइल सर्व्हर आणि बाकीच्यासाठी. एसएसडी घेताना वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटर असलेल्या, म्हणजे एंटरप्राइझ वर्गातल्या घ्या. लॅपटॉपमधली स्वस्त एसएसडी इथे घातली तर एनएफएसच्या (नेटवर्कवरून फाइल देण्याची पद्धत) सिंक लिखाणात, म्हणजे डिस्कवर उतरल्याची खात्री मागणाऱ्या लिखाणात, ती धापा टाकते आणि वीज गेल्यावर काय गमावलं ते सांगतही नाही.

रेड ५ ला माझा विरोध का, तेही सांगतो. ८ टीबीची एक डिस्क गेली की उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे २४ टीबी. सेकंदाला १५० एमबी धरले तरी एकटी डिस्क भरायला पंधरा तासांच्या आसपास, आणि ते ऑफिस बंद असेल तर. कामकाज चालू असताना हेच दोन-तीन दिवस चालतं. बऱ्याच डिस्कच्या कागदावर १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारा सेक्टर असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण १२.५ टीबी वाचल्यावर एक. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या निघतात, त्यामुळे हा आकडा दाखवून घाबरवणाऱ्यांवर मी फार विश्वास ठेवत नाही. खरी भीती वेगळी आहे. चारही डिस्क एकाच खोक्यातून, एकाच बॅचच्या, एकाच दिवशी चालू केलेल्या, एकाच उष्णतेत चाललेल्या. पहिली गेली त्याच कारणाने दुसरी जायच्या बेतात असते, आणि नेमका तेव्हाच आपण तिला दोन दिवस सलग राबवतो. रेड ६ दुसरी डिस्क गेली तरी तग धरतं. ८ टीबीच्या चार डिस्कमध्ये तुम्हाला २४ ऐवजी १६ टीबी मिळतील, आणि बॉक्स ते १४.५ च्या आसपास दाखवेल, कारण कंपनी दहाच्या पटीत मोजते आणि सॉफ्टवेअर १०२४ च्या. तेवढ्यावरून व्हेंडरशी भांडू नका.

डिस्क निवडताना एक बारीक गोष्ट बघा: सीएमआर की एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये ट्रॅक (लिखाणाच्या गोल रेषा) सुटे असतात; एसएमआरमध्ये ते एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे जागा जास्त मिळते पण जुन्या जागी पुन्हा लिहायचं झालं की शेजारचे ट्रॅकही परत लिहावे लागतात. रिबिल्डमध्ये, म्हणजे गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरून काढताना, अशी डिस्क रडकुंडीला आणते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या (इथे 'रेड' हे ब्रँडचं नाव, वरची रेड पद्धत नव्हे) काही डिस्क अशा निघाल्या आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने 'रेड प्लस' हे नाव सीएमआरसाठी वेगळं केलं. कोटेशनवर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि तो कंपनीच्या साइटवर तपासा. 'नॅस डिस्क' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. साधी डेस्कटॉपची डिस्क तर नकोच. ती खराब सेक्टर वाचायला मिनिटभरसुद्धा झगडत बसते, आणि तेवढ्यात रेड कंट्रोलर ती मेली असं समजून तिला बाहेर काढतो. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि दुरुस्ती रेडवर सोपवते.

चार डिस्क घ्याल तेव्हा पाचवी आत्ताच घेऊन कपाटात ठेवा. सांगलीत नेमकं मॉडेल दुकानात मिळेल याची खात्री नाही, पुण्याहून यायला एक-दोन दिवस, आणि पुराच्या दिवसांत रस्तेच बंद. कपाटात टाकण्याआधी तिचीसुद्धा पूर्ण पृष्ठभाग तपासणी करून घ्या.

आता जागा. खरं तर बॉक्सच्या आधी हेच ठरवायला हवं.

गणपती पेठेतल्या तळमजल्यावर हा बॉक्स बसवायचा नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे तुम्हाला मी सांगायला नको. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पाणी धोक्याच्या वर गेलं; २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ५७ फुटांच्या पुढे. पुराची बातमी आली की माणसं दप्तर, वह्या, माल वर नेतात. सर्व्हर शेवटपर्यंत चालू ठेवावा लागतो म्हणून तो शेवटी हलतो, आणि चालू डिस्क घाईघाईत उचलल्या की हमखास बिघडतात. म्हणून रॅक पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर कायमचाच. पेठेतली इमारत जुनी, लाकडी माडीची असेल तर आधी वजनाचा हिशेब करा. १२ व्होल्ट ४२ एएचची एक बॅटरी साधारण १३-१४ किलोची असते. आठ बॅटऱ्यांची बँक म्हणजे शंभर किलोच्या वर, एकाच कोपऱ्यात. ती तुळईच्या वर किंवा भिंतीलगत येईल अशी ठेवा.

खोलीच्या वर संडास-बाथरूम नको. एसीचं इनडोअर युनिट रॅकच्या बरोबर डोक्यावर नको, कारण त्याचा ड्रेन पाइप कधी ना कधी तुंबतोच. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातपर्यंत तापलेली असते, तिला रॅक टेकवू नका. आत जाणारी हवा २७ अंशांच्या आत आणि डिस्कचं तापमान ४५ च्या आत राहिलं की पुरे. खोली कुडकुडण्याइतकी थंड करायची गरज नाही.

आणि कुपवाड? तिथे जागा ऐसपैस आहे म्हणून सगळं तिकडेच हलवू, असं तुमच्या मनात आलं असेल. मुख्य बॉक्स तिथे नको. हळदीची पूड किती बारीक असते ते तुम्ही जाणताच. ती पंख्याच्या पात्यांवर थर धरते, पॉवर सप्लायच्या जाळीत बसते, आणि पावसाळी दमट हवेत तिचा चिकट लेप होतो. मी उघडलेल्या अशा एका युनिटमधल्या बॉक्समध्ये मागचा पंखा फिरत होता, पण हीटसिंकच्या फटीत पिवळा गच्च बोळा बसला होता आणि त्यातून वारा अजिबात जात नव्हता. सॉफ्टवेअर पंख्याचा वेग बरोबर दाखवत होतं, त्यामुळे अलार्म नाही. शिवाय दळणाच्या यंत्राची थरथर. फिरत्या डिस्कचं हेड ट्रॅकवर बारीक अंतर राखून असतं, थरथरीने ते पुन्हा पुन्हा जागा चुकतं आणि वेग पडतो. कुपवाडला बॅकपचा बॉक्स ठेवा, तोही यंत्रापासून लांब, बंद काचेच्या केबिनमध्ये, हवा गाळून आत येईल असा.

विजेबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या पाहण्यात नेटवर्क स्टोरेज जास्तीत जास्त वेळा विजेच्या पायीच गोत्यात येतं.

यूपीएस ऑनलाइन प्रकारचा, म्हणजे लाईट गेल्यावर क्षणाचाही खंड न पडणारा घ्या. घरचा इन्व्हर्टर इथे चालणार नाही. त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावला की दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. दहा-पंधरा दाखवत असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा. मग यूपीएसवर काय काय जोडायचं. दोन सर्व्हर, स्टोरेज, आणि मधला स्विच. हा स्विच विसरतात. लाईट जाते, सर्व्हर चालू, स्टोरेज चालू, आणि मधला स्विच भिंतीवरच्या साध्या बोर्डावर असल्यामुळे बंद. सर्व्हरच्या दृष्टीने त्याची डिस्कच चालत्या कामात उपटून नेली. लिनक्सच्या मशीन अशा वेळी फाइल सिस्टिम फक्त-वाचन करून ठेवतात, आणि लाईट आल्यावर सगळं चालू दिसतं पण बिल सेव्ह होत नाही. मग अर्धा दिवस सगळे सॉफ्टवेअरवाल्याला फोन करत बसतात.

बंद होण्याचा आणि चालू होण्याचा क्रम आधीच लिहून ठेवा. बंद होताना आधी व्हर्च्युअल मशीन, मग सर्व्हर, सगळ्यात शेवटी स्टोरेज. चालू होताना आधी स्विच आणि स्टोरेज, ते पूर्ण उठल्यावरच सर्व्हर. यूपीएसची यूएसबी वायर स्टोरेज बॉक्सला जोडा. बहुतेक बॉक्समध्ये 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हे सॉफ्टवेअर आतच असतं आणि तो बॉक्स नेटवर्कवरून दोन्ही सर्व्हरना 'बॅटरीवर आहोत, आटपा' असा निरोप देऊ शकतो. बॅटरी निम्मी उरली असतानाच आवरायला सुरुवात करा. घड्याळ लावून एकदा बघा, सातही मशीन बंद व्हायला किती वेळ लागतो. डेटाबेसचं मशीन इतरांपेक्षा बराच वेळ घेतं. सर्व्हरच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'वीज आल्यावर आपोआप चालू हो' असं असेल तर ते बंद करा किंवा त्याला काही मिनिटांचा उशीर द्या. नाहीतर सर्व्हर आधी उठतो, डिस्क सापडत नाही म्हणून अडून बसतो, आणि सकाळी सात वाजता तुम्हाला फोन येतो.

पूर आला की महावितरण सुरक्षेसाठी भागाचा पुरवठाच बंद करतं, तो दिवसांच्या हिशेबात. तेव्हा यूपीएसचा उपयोग फक्त नीट बंद होण्यापुरता. जनरेटर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आता नेटवर्क. स्टोरेजची वाहतूक ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळी ठेवा, शक्यतो वेगळ्या स्विचवर, नाहीतर निदान वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या कप्प्यात). एक गिगाबिटची वायर सेकंदाला ११० ते ११८ एमबी देते. फाइल सर्व्हरला ते पुरतं, पण सात मशीन रात्री एकदम बॅकप घ्यायला लागल्या की पुरत नाही. दहा गिगाबिटची दोन-दोन कार्डं आणि छोटा स्विच आता पूर्वीइतका महाग राहिलेला नाही. एकाच रॅकमध्ये सगळं असेल तर तयार डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तांब्याची केबल) वापरा, फायबरच्या भानगडीत पडू नका.

तुमचा व्हेंडर 'दोन वायरी एकत्र बांधून वेग दुप्पट करू' असं म्हणेल. एलएसीपीने (वायरी एकत्र बांधायच्या पद्धतीने) वायरी एकत्र होतात हे खरं, पण एक जोडणी एकाच वायरीवरून जाते. दोन सर्व्हर आणि एक बॉक्स असताना वेग दुप्पट होईलच असं नाही. आयस्कझी (नेटवर्कवरून सर्व्हरला डिस्क देण्याची पद्धत) वापरणार असाल तर एलएसीपीऐवजी मल्टिपाथ करा: दोन वायरी, दोन वेगळे सबनेट (आयपी पत्त्यांचे गट), आणि सर्व्हरला दोन्ही वाटा माहीत. एक वायर तुटली तरी काम चालू राहतं. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० करायचं असेल तर सर्व्हर, स्विच आणि बॉक्स तिन्हीकडे करा, आणि पिंगला (जोडणी तपासायच्या आदेशाला) 'तुकडे करू नको' हा पर्याय व ८९७२ बाइटचा आकार देऊन तपासा. एका ठिकाणी राहिलं तर लहान पिंग जाते, लॉगिन होतं, आणि मोठी फाइल मात्र लटकते. दहा गिगाबिटवरही ज्याला हे शोधत बसायचं नसेल त्याने १५०० वरच राहावं. तुमच्या कामात फरक फारसा जाणवणार नाही.

आयस्कझी की एनएफएस? तुमचे सर्व्हर हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) असतील तर प्रश्न निम्मा सुटला: हायपर-व्ही एनएफएसवर मशीन ठेवत नाही, त्याला आयस्कझी किंवा एसएमबी ३ (विंडोजची फाइल देण्याची पद्धत) लागतं. त्याच कामाचं प्रॉक्समॉक्स, साधं केव्हीएम किंवा व्हीएमवेअर असेल तर लहान जागी मी एनएफएसच सुचवतो. बॉक्सवर फाइल डोळ्यांनी दिसते, जागा वाढवणं सोपं, एखादं मशीन एकटंच परत आणणंही सोपं. माउंट करताना, म्हणजे ती जागा सर्व्हरला जोडताना, 'हार्ड' पर्याय (स्टोरेज दिसेनासं झालं तर चूक न देता वाट बघणारा) ठेवा आणि नेटवर्क उठल्यावरच माउंट व्हावं अशी सोय करा.

आयस्कझीमध्ये एक धोका आहे, तो बसवणाऱ्यालाही नेहमी ठाऊक असतोच असं नाही. आयस्कझी सर्व्हरला फाइल देत नाही, कोरी डिस्क देतं. ती डिस्क, म्हणजे लन, तुम्ही दोन्ही सर्व्हरना एकदम जोडलीत आणि तिच्यावर एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ ही साधी, एकाच सर्व्हरसाठीची फाइल सिस्टिम असेल, तर दोन्ही सर्व्हरना वाटतं की ही आपल्या एकट्याची. पहिला आपल्या रॅममधल्या नोंदीवरून एक ब्लॉक मोकळा समजून तिथे लिहितो. दुसऱ्याने तो ब्लॉक पाच मिनिटांपूर्वी वापरलेला असतो. दोघांनाही त्या क्षणी चूक दिसत नाही. काही दिवस सगळं सुरळीत. मग एके दिवशी फोल्डर उघडत नाही, आणि तपासायला बसलं की निम्म्या फाइलींच्या पोटात दुसऱ्याच फाइलींचा मजकूर सापडतो. रेड यात काही करू शकत नाही, कारण डिस्कने सांगितलेलं इमानेइतबारे लिहिलेलं असतं. दोन्ही सर्व्हरना एकच लन द्यायची असेल तर वर क्लस्टरची फाइल सिस्टिम हवी: व्हीएमवेअरची व्हीएमएफएस, हायपर-व्हीचे क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम, लिनक्सवर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२. नाहीतर प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र लन द्या, आणि बॉक्सवर कोणत्या सर्व्हरला कोणती लन हे नावानिशी बांधून टाका, म्हणजे चुकूनही दुसऱ्याला दिसणार नाही. चॅप पासवर्ड (आयस्कझीचा ओळख पटवणारा पासवर्ड) लावा.

बसवायचा मुहूर्त. जानेवारी-फेब्रुवारीपासून नव्या हळदीची आवक, मार्चअखेर हिशेब, जूनपासून पाऊस. म्हणजे दसऱ्यानंतर ते डिसेंबरपर्यंतचे दिवस तुम्हाला बरे.

डेटा हलवण्याआधी बॉक्स रिकामा असतानाच त्याला छळा. मोठी फाइल कॉपी होत असताना एक वायर काढा. चालू बॉक्समधली एक डिस्क ओढून काढा, रिबिल्ड किती तास चालतं ते लिहून ठेवा, अलार्म कुणाच्या मोबाइलवर येतो ते बघा. मेन स्विच पाडा आणि सगळं आपापल्या क्रमाने बंद होतंय का, हात मागे बांधून नुसतं बघत बसा. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर त्या ट्रेच्या तोंडावर लेबल करून चिकटवा. हे लेबल का, तर मिरजेतल्या एका ठिकाणी रेड ५ मधली ३ नंबरची डिस्क गेली होती. सॉफ्टवेअर शून्यापासून मोजत होतं, माणसाने एकपासून मोजलं आणि चांगली डिस्क उपटली. ॲरे, म्हणजे डिस्कचा अख्खा गट, तिथेच बसला. बॉक्सवर दिवे असतात, पण घाईत लाल-नारंगी कळत नाही, आणि काही ट्रेवर दिवाच लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सिरियल बघायचा, लेबलशी ताडायचा, मगच हात लावायचा.

देखभालीत रोज करायचं काही नसतं, पण जे असतं ते चुकवून चालत नाही. महिन्यातून एकदा स्क्रब चालवा, शनिवारी रात्री. स्क्रब म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसम किंवा पॅरिटीशी ताडून बघणं. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या फाइलखालचा खराब सेक्टर यातच सापडतो, रिबिल्डच्या मध्यात सापडण्यापेक्षा बरं. डिस्कची लांब स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःची केलेली तपासणी) दुसऱ्या शनिवारी. दोन्ही एका रात्री नको. स्मार्टमध्ये बरेच आकडे असतात, त्यातले ५, १९७ आणि १९८ या नंबरचे (खराब आणि संशयित सेक्टरचे) एवढे बघा. हे शून्यावरून हलले आणि आठवड्याला वाढत असतील तर डिस्क बदला, मेली नाही म्हणून थांबू नका. १९९ (वायरीतल्या चुकांचा) वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे. वायर किंवा ट्रेमागचा कनेक्टर तपासा. मुख्य पूल (डिस्क मिळून झालेली एकत्र जागा) ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका, विशेषतः झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर. त्यापुढे वेग पडतो आणि स्नॅपशॉटना (त्या क्षणीच्या डेटाच्या गोठवलेल्या प्रतींना) जागा उरत नाही.

अलार्मचे मेल येतात का, हे दर महिन्याला चाचणी मेल पाठवून बघा. ३० मे २०२२ पासून गूगलने साध्या जीमेल खात्यांवर नुसत्या पासवर्डने बाहेरच्या उपकरणांना मेल पाठवू देणं बंद केलं. त्याआधी बसवलेले कितीतरी बॉक्स त्या दिवसापासून मुके झाले, आणि 'मेल येत नाही म्हणजे सगळं ठीक' असं मालक समजत राहिले. ॲप पासवर्ड काढून घालावा लागतो. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षं टिकतात, पण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे. आपल्याकडे बिनएसीच्या खोलीत तीन वर्षं गेली तरी नशीब. पावसाळ्याआधी, मेमध्ये, त्यांची लोड देऊन चाचणी घ्या. फर्मवेअर अपडेट आलं त्या दिवशी टाकू नका, आठ-पंधरा दिवस थांबा. पण सुरक्षेचं असेल तर दोन दिवसांत टाका.

सुरक्षेवरून आठवलं. 'घरून बघता यावं' म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून बॉक्सचं पान इंटरनेटवर उघडं ठेवायची पद्धत अजून चालू आहे. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर या खंडणीखोर व्हायरसने क्यूनॅप कंपनीच्या उघड्या बॉक्समधल्या फाइली सेव्हनझिपमध्ये पासवर्ड लावून कोंडल्या. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या दुसऱ्याने तोच कित्ता गिरवला. २०१४ मध्ये सायनॉलॉजी या दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सचीही पाळी येऊन गेली होती. कंपनी कोणतीही असो, बॉक्सचं पान बाहेर दिसता कामा नये. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, घरून यायचं तर व्हीपीएनने. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवा. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्याच भोकातून पसरला. एखादं जुनं स्कॅनर किंवा झेरॉक्स मशीन तिच्याशिवाय चालत नसेल तर मशीनची सोय वेगळी करा.

बॅकप: स्नॅपशॉट दर तासाला घ्या, पण ते त्याच डिस्कवर असतात, बॉक्स गेला की तेही गेले. कुपवाडच्या बॉक्सने रात्री इकडून ओढून न्यावं. सांगलीच्या बॉक्सकडे कुपवाडचा पासवर्ड असू नये, म्हणजे इथे कोणी घुसलं तरी तिकडचं पुसता येणार नाही. तिथे स्नॅपशॉट ठरावीक दिवस पुसता न येणारे ठेवा. पहिली कॉपी इंटरनेटवरून करत बसू नका. २० एमबीपीएसच्या अपलोडवर तासाला ९ जीबी जातात, २ टीबीला नऊ दिवसांहून जास्त लागतील. कुपवाडचा बॉक्स आधी ऑफिसात आणा, शेजारी ठेवून भरा, आणि मग गाडीत घालून न्या. डेटाबेसचा रोजचा डंप (पूर्ण उतारा) आणि टॅलीचा तिचा स्वतःचा बॅकप वेगळा घ्या. चालू मशीनचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यासारखी अवस्था, बहुतेक वेळा उठतं, कधी उठत नाही.

तीन महिन्यांतून एकदा एक मशीन कुपवाडला परत उभं करून बघा. आधी त्याचं नेटवर्क तोडा, नाहीतर एकाच आयपीची दोन मशीन होतील आणि चालू बिलिंग अडकेल. उठलं, लॉगिन झालं, कालचं शेवटचं बिल दिसलं, किती वेळ लागला, हे एका वहीत लिहा. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं २०२२ पासून नियमातच आहे, तेव्हा तुमचे सीए ही वही मागू शकतात.

राहिलं कोटेशन. व्हेंडरला ते असं बदलून आणायला सांगा: सहा किंवा आठ बे, दोन एंटरप्राइझ एसएसडी, पूर्ण मॉडेल नंबरसह पाच सीएमआर डिस्क, शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या बॅचमधल्या, दोन पॉवर सप्लाय, दहा गिगाबिटचे दोन पोर्ट, वर सांगितलेल्या चाचण्या तुमच्यासमोर करून दाखवण्याची अट. एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) 'त्वरित सेवा' असं मोघम नको. बॉक्सचा बोर्डच गेला तर बदली बोर्ड किंवा बॉक्स किती तासांत सांगलीत पोचेल आणि तोवर डिस्क कुठे लावून डेटा वाचायचा, याचं उत्तर लेखी घ्या. प्रशासकाचा पासवर्ड तुमच्या ताब्यात हवा, फक्त व्हेंडरच्या इंजिनिअरच्या डोक्यात नको. आणि डिस्कची बिलं जपून ठेवा. काही डिस्क बाहेरच्या देशाच्या वाटपातून आलेल्या असतात आणि त्यांची वॉरंटी इथे लागू होत नाही. माल हातात पडल्या दिवशीच सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, पैसे द्यायच्या आधी.